नंतरची खोली

लातूर आणि धाराशिवच्या सीमेवर औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या तालुक्यांतून फिरताना पुनर्वसित गाव लांबूनच ओळखू येतं. काळ्या रानात मधेच रेघेनं आखलेले रस्ते सुरू होतात. रस्ते बैलगाडीच्या गावाला न शोभणारे रुंद, दोन्ही अंगांना एका मापाची घरं आणि कुठं तरी देणगीदाराच्या नावाची कोनशिला. फोटो काढणारे या बाजूनं फोटो काढतात. घराची मागची बाजू मात्र वेगळी दिसते. तिथं पत्र्याची न्हाणी आहे, शेळ्यांचा आडोसा आहे, थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी काढलेली विटांची खोली आहे. कुठं कुठं चिखलात रचलेली दगडी भिंतही आहे, आणि तिचे दगड जुन्या, पडलेल्या गावातून आणलेले आहेत.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घर’ हा विषय दिला, तेव्हा आपत्तीनंतर घरं बांधणारे लोक कामाला कसे भिडतात, हे पाहायचं ठरवलं. या विषयावरचं बहुतेक लेखन समोरच्या बाजूचं असतं: किती घरं पडली, किती उभी राहिली, चाव्या कधी दिल्या. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की पुनर्वसनाचा निकाल मागच्या खोलीत लागतो. चावी हातात पडल्यावर चार-सहा वर्षांनी घरातल्या माणसानं गावातल्या गवंड्याला बोलावून जी खोली काढली, ती पुढच्या धक्क्यात टिकेल का? टिकणार असेल, तर पुनर्वसन झालं. ती जुन्याच पद्धतीनं रचलेली असेल, तर सरकारनं, दात्यांनी आणि ठेकेदारांनी मिळून गावाला एक चांगली वस्तू दिली आणि धोका होता तिथंच ठेवला.

भिंतीच्या पोटात

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. जपानमध्ये अशा धक्क्यानंतर कार्यालयं दुसऱ्या दिवशी उघडली असती. इथं सुमारे आठ हजार माणसं गेली आणि किल्लारी, सास्तूर यांच्यासह बावन्न गावं जवळपास भुईसपाट झाली. एवढी माणसं का मेली, या प्रश्नाचं उत्तर भूगर्भात कमी आणि भिंतीत जास्त आहे. घरं बांधणाऱ्या माणसाला आधी हे उत्तर कळायला हवं.

मराठवाड्यातली जुनी दगडी भिंत दोन-अडीच फूट रुंद असते, कधी त्याहून जास्त. बाहेरून ती एकसंध आणि भक्कम वाटते. कापून पाहिली तर त्या दोन भिंती निघतात. बाहेरच्या अंगाला घडीव तोंडाचे दगड, आतल्या अंगाला तसलेच दगड, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे आणि माती. दगडाचं तोंड चौकोनी, पण शेपूट निमुळतं, त्यामुळे दोन अंगांचे दगड एकमेकांत अडकत नाहीत. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड गवंड्यानं ठराविक अंतरावर घातला असेल, तर ती एक भिंत. घातला नसेल, तर मातीच्या भरवशावर शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंती. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, दोन्ही अंगांना बाहेर ढकलतो, भिंत पोट काढते आणि फुटते. अर्धी रस्त्यावर पडते, अर्धी आत झोपलेल्यांवर.

तिच्यावर माळवद. तुळयांवर सर, सरांवर किलचनं आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्याच्याखाली गारवा असतो, म्हणून तो माणसांना प्रिय. पण माळवद गळतं, आणि गळलं की वर आणखी पांढरी माती पसरतात. दरवर्षीच्या या डागडुजीनं पिढीभरात छपरावर एवढं ओझं साचतं की मूळ बांधणाऱ्यानंही ते धरलेलं नसतं.

यातली एक बारीक गोष्ट पुनर्वसनाच्या गडबडीत पुष्कळांच्या नजरेतून सुटली. चांगल्या जुन्या वाड्यात माळवदाचं ओझं भिंतीवर नसतंच. ते लाकडी खांबांवर असतं आणि भिंत नुसती आडोशाला. घराचं मापही खांबांच्या मधल्या जागेवरून, ‘खणां’त सांगतात. अशा कित्येक घरांत भूकंपानंतर भिंती कोसळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. पुढं सागवान महागलं, घडीव दगडाची मजुरी परवडेना, खांब गाळून सर सरळ भिंतीवर टेकवायची पद्धत पडली, आणि आरपार दगड घालायची शिस्तही ढिली झाली. दोष ‘दगडा’चा नव्हता. परवडेनासं झालेलं कसब लोक तसंच, अर्धवट वापरत राहिले, हा दोष होता. त्यातून शासनाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला, पण तेव्हा नऊ वर्षं उलटून गेली होती.

भूकंपानंतर मात्र दगडच बदनाम झाला. जी वस्तू अंगावर पडून घरातली माणसं मेली, तिच्याकडे लोक भीतीनं पाहू लागले, आणि ते साहजिकच होतं. सिमेंट म्हणजे सुरक्षित, दगड म्हणजे मरण, असं सरळ समीकरण रूढ झालं. ठेकेदारी पद्धतीला ते फार सोयीचं होतं.

साचा आणि चावी

पुनर्वसनाचं काम ठेकेदार कसं करतो, हे त्याच्या बाजूनंही समजून घेतलं पाहिजे. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे आणि उपयोगाचं नाही. त्याच्या हातात एक करार असतो: इतकी घरं, इतक्या महिन्यांत, इतक्या रकमेत. बिल टप्प्याटप्प्यानं निघतं, अनामत अडकलेली असते, दोषदायित्वाचा काळ संपला की तो मोकळा. नफा पुनरावृत्तीत असतो. एका घराचा लोखंडी साचा एकदा केला की तो शंभर घरांना चालला पाहिजे. खिडकी इकडची तिकडे करा, स्वयंपाकघर मागं घ्या, दार पूर्वेला करा, अशी प्रत्येक मागणी त्याच्या लेखी साचा खोलायला लावणारी. कामगारांची टोळी तो आपली आणतो, कारण ती त्याच्या हाताखाली तयार झालेली असते आणि मुक्कामाला राहते. गावातला गवंडी यात कुठं बसत नाही. बसलाच तर माल वाहणारा मजूर म्हणून. म्हणजे गावातलं सर्वांत मोठं बांधकाम त्याच्या डोळ्यांदेखत होतं, आणि त्यातून त्याच्या हाताला काहीच लागत नाही.

बावन्न गावांचं स्थलांतर मोठ्या प्रमाणात याच पद्धतीनं झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारनं भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, अनेक गावं दात्या संस्थांनी दत्तक घेतली, आणि घराचं क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, त्यावरच्याला साडेसातशे. कागदावर हे व्यवहारी होतं, कारण मोठ्या वाड्याच्या मालकाला भूमिहीनाएवढं घर दिलं असतं तर त्यानं ते घेतलंच नसतं. पण यातून दुहेरी नुकसान झालं. सर्वांत गरिबाला सर्वांत लहान घर मिळालं, म्हणजे मागची खोली सर्वांत आधी त्यालाच काढावी लागणार आणि ती नीट बांधायला पैसाही त्याच्याकडेच सर्वांत कमी. शिवाय आखणी करताना एका मापाची घरं एका ओळीत बसवली की भावकी फुटते. चुलत्याचं घर एका टोकाला, पुतण्याचं दुसऱ्या टोकाला.

जुन्या गावाची गल्ली अरुंद होती आणि भूकंपात त्या अरुंदपणानं माणसं अडकली, हे खरंच. नव्या गावात म्हणून रुंद रस्ते आले आणि गाव कैक पटींनी पसरलं. त्यासाठी पिकती जमीन गेली. गल्लीतली सावली गेली. दाराशी बसून समोरच्या दारातल्या बाईशी बोलायचं अंतर मोडलं. ज्या गावाच्या ग्रामपंचायतीचं उत्पन्न जेमतेम, त्याच्या माथी मैलोन्मैल रस्ते, गटारं आणि पाण्याच्या नळ्या सांभाळायचं काम आलं. वाड्याला ढेळज होती, ओसरी होती, गुरं आत बांधायला जागा होती, धान्याला बळद होतं. नव्या घराला पुढं व्हरांडा, आत दोन खोल्या, वर सपाट स्लॅब. उन्हाळ्यात हा स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो. शेतकऱ्याच्या घरात माणसांइतकीच जागा बैलांना, कडब्याला आणि तुरीच्या पोत्यांना लागते. घर मोजताना ती कुणी मोजली नाही, म्हणून मागं पत्रे चढले.

तरीही हे घर पडणार नाही, एवढं खरं. त्याचं मोल कमी लेखता येत नाही. पण त्याच्या पाठीला चिकटलेल्या खोलीबद्दल कुणालाच तसं सांगता येत नाही, आणि रात्री माणसं दोन्हींत झोपतात.

झोपायची एक खोली

राज्य सरकारच्या याच पुनर्वसन कार्यक्रमाचा दुसरा, कमी बोलला गेलेला भाग होता. पूर्ण न पडलेली, तडे गेलेली घरं सुमारे दोन लाख होती आणि ती अडीच हजारांच्या आसपास गावांत विखुरली होती. इतक्या गावांत ठेकेदार पाठवणं शक्यच नव्हतं. तिथं नाइलाजानं वेगळी पद्धत आली: पैसे आणि साहित्य घरमालकाला, काम त्याच्या मर्जीच्या गवंड्याकडून, अभियंता सल्ल्याला. हजाराहून अधिक गावांत स्थानिक स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांची बांधणी केली. बाई गावातली, बचत गटात किंवा महिला मंडळात असलेली. काम काय, तर योजना समजावून सांगणं, अभियंत्याची भाषा घरात आणि घरातली अडचण अभियंत्यापर्यंत पोचवणं. सिमेंट आलं का, पाणी किती दिवस मारायचं, भिंतीला सळई घातलेल्या काँक्रीटचा आडवा पट्टा कुठून फिरवायचा, हे त्या दारोदार जाऊन सांगत. पुरुष शेतावर असताना कामावर लक्ष ठेवायला घरात बाईच असते. त्यामुळे ‘आरपार दगड घातला का?’ हा प्रश्न गवंड्याला विचारणारं माणूस पहिल्यांदाच घरात तयार झालं.

जुनी भिंत न पाडता मजबूत करायची एक युक्ती इथं वापरली गेली. रुरकीचे भूकंप अभियांत्रिकीचे जाणकार डॉ. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्यांनी ती पुढं आणली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. भिंतीतला एक दगड पहारीनं हलक्या हातानं सैल करायचा आणि काढायचा. ठोकाठोक नाही, नाहीतर शेजारचे निखळतात. मग सळईनं मधला भराव उकरत पलीकडच्या अंगापर्यंत भोक न्यायचं. तिथला दगडही काढायचा. आत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. जे काम पहिल्या गवंड्यानं करायला हवं होतं, ते दुसऱ्यानं चाळीस-पन्नास वर्षांनी पूर्ण केलं. खर्च किरकोळ, अवजारं घरचीच.

आणि लोकांनी काय केलं? पुष्कळांनी मिळालेले पैसे जुन्या भिंतीत घातलेच नाहीत. त्यांनी शेजारी एक नवी, पक्की खोली बांधली. कार्यक्रम आखणाऱ्यांच्या दृष्टीनं हा नियमभंग होता. पण माणसाच्या बाजूनं पाहिलं तर यात फार शहाणपण होतं. भूकंपानंतर किती तरी दिवस लोक पत्र्याखाली, अंगणात झोपत होते. त्यांना चिंता रात्रीची होती. अख्खं घर भूकंपरोधक करण्याइतका पैसा नसेल, तर निदान झोपायची एक खोली अशी असावी जी पडणार नाही, असा त्यांचा हिशेब. अभियंत्यांनी तो मुकाट्यानं मान्य केला. मला या सबंध कार्यक्रमातली सर्वांत बरी गोष्ट हीच वाटते. ती मूळ आराखड्यात नव्हती.

कच्छचा हप्ता

लातूरचा हा दुय्यम धडा कच्छमध्ये मुख्य झाला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातमध्ये तेरा हजारांवर माणसं गेली आणि दोन लाखांवर घरं पूर्ण पडली. सुरुवातीला तिथंही गावं उचलून दुसरीकडं न्यायचा विचार पुढं आला होता. बहुतेक गावांनी नकार दिला. आपल्या विहिरी, देवळं, वाड्या सोडून जायला ती तयार नव्हती. लातूरचा अनुभव कच्छमधल्या संस्थांना माहीत होता, आणि मग गुजरात सरकारनं मुख्य मार्ग म्हणून घरमालकानं स्वतः बांधायची पद्धत घेतली.

या पद्धतीचा कणा म्हणजे हप्ता. पैसे बँक खात्यात, तीन टप्प्यांत. पहिला हप्ता सुरुवातीला. बांधकाम ठरलेल्या टप्प्यापर्यंत आलं आणि अभियंत्यानं जागेवर येऊन पाहिलं, की पुढचा. ऐकायला ही सरकारी कारकुनी वाटते, पण हाच सगळ्या कामाचा शिक्षक होता. जोत्याचा पट्टा घातला आहे का, कोपऱ्यात उभी सळई पायापासून वर आली आहे का, दारं-खिडक्यांवरचा पट्टा चारी भिंतींवरून अखंड फिरला आहे का, एवढंच पाहायचं. नसेल तर हप्ता अडला. पैसा अडला की घरमालक गवंड्याला विचारतो, गवंडी अभियंत्याला विचारतो, आणि पुढच्या घरी तो न विचारता बरोबर करतो. हजारो गवंड्यांना प्रशिक्षण दिलं गेलं, सिमेंट सवलतीत मिळालं, घर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचा आग्रह धरला गेला. हुन्नरशालासारख्या संस्थेनं तर कच्छच्या मातीच्याच बांधणीचं नवं रूप पुढं आणलं. गोल, जाड मातीच्या भिंतीचा आणि हलक्या शाकारणीचा पारंपरिक भुंगा या भूकंपात चांगला टिकला होता. सुरक्षित म्हणजे सिमेंटच, या समीकरणाला तिथं गावानंच उत्तर दिलं.

या भूकंपानंतरच्या घरबांधणीचा तुलनात्मक अभ्यास जेनिफर डुइने बारेनश्टाइन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या जागी ठेकेदारानं बांधून दिलेल्या गावांत लोक सर्वांत कमी समाधानी होते. स्वतः बांधलेल्यांत, विशेषतः एखादी संस्था हात द्यायला असेल तिथं, समाधान सर्वांत जास्त होतं. समाधान हा सैल शब्द आहे, हे मान्य. पण त्याच्यामागं एक मोजता येणारी गोष्ट असते. स्वतः बांधलेल्या घराच्या भिंतीत कुठं काय आहे, हे मालकाला माहीत असतं, म्हणून पुढची खोली तो त्याच पट्ट्याला जोडून काढतो.

पण गवंडीच चुकला होता ना?

यावरचा सर्वांत जड आक्षेप हा की ज्या गवंड्यांनी माणसं मारणाऱ्या भिंती बांधल्या, त्यांच्याच हाती पुन्हा थापी द्यायची? प्रश्न चोख आहे. पण सुरक्षित दगडी भिंतीची विद्या किती, ते आधी पाहावं. भारतीय मानक १३८२८ कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आहे, आणि योगायोगानं ते छापलं गेलं तेही १९९३ मध्येच. त्यातल्या दगडी भिंतीबद्दलच्या मुख्य गोष्टी बोटांवर मोजता येतात: भिंत पंचेचाळीस सेंटिमीटरपेक्षा जाड नको, दर साठ सेंटिमीटर उंचीला आणि आडव्या दिशेनं एक मीटर वीस सेंटिमीटरच्या आत आरपार दगड हवा, पट्टे अखंड हवेत, कोपऱ्याला लागून दार-खिडकी नको. ओळंबा आणि गुण्या हातात धरणाऱ्या माणसाला यात अवघड काहीच नाही. ही गोष्ट पुस्तकातून शिकवली तर तो शिकणार नाही, हाताखाली एक भिंत बांधून घेतली तर दोन आठवड्यांत शिकतो. चुकला तो गवंडी, हे खरं. पण त्याला वगळलं तर चूक गावातच राहते, कारण ठेकेदार गेल्यावर तोच उरतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. पावसाळा तोंडावर असताना लोकांना घर बांधायला सांगणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं. अनुभव उलटा आहे. लाखो मालक एकाच वेळी कामाला लागतात, तर ठेकेदार साच्यांच्या संख्येइतकाच पळू शकतो. कच्छची बहुतेक घरं दोन-तीन वर्षांत झाली. लातूरचा कार्यक्रम १९९८ पर्यंत चालला. तात्पुरता निवारा दोन्ही पद्धतींत लागतोच.

तिसरा आक्षेप मात्र नुसत्या युक्तिवादानं उडवून लावता येत नाही. पैसे दिले आणि सांगितलं बांधा, तर बांधणार कोण? एकटी विधवा, म्हातारं जोडपं, हातपाय गमावलेला माणूस, भूमिहीन मजूर, ज्याला रोजी बुडवून स्वतःच्या घरावर उभं राहणं परवडत नाही. नेपाळनं हे चांगलं दाखवून दिलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेल्यावर तिथल्या सरकारनं कच्छसारखीच पद्धत घेतली: तीन लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत, तपासणीनंतर. ज्यांच्याकडे गाठीला काही नव्हतं त्यांनी अनुदानात बसेल एवढीच एक खोली बांधली, नियमात चपखल. आणि स्वयंपाक, गुरं, धान्य सगळं शेजारच्या तडे गेलेल्या जुन्या घरातच ठेवलं. म्हणजे पुन्हा तेच: कागदावरचं घर सुरक्षित, माणूस वावरतो ते धोक्याचं. तेव्हा स्वतः बांधायची पद्धत म्हणजे पैसे टाकून पाठ फिरवणं नव्हे. अशा कुटुंबांसाठी गटानं बांधणं, साहित्य एकत्र घेणं, गावातल्याच प्रशिक्षित गवंड्यांना त्यांची कामं मजुरी देऊन सोपवणं हे योजनेत आधीच लिहिलेलं हवं. अधिकाऱ्याच्या दयेवर ते सोडलं तर होत नाही. त्यासाठी संवाद सहायकासारखं माणूस गावात पगारावर असावं लागतं, आणि नेमका हाच खर्च अंदाजपत्रकातून पहिल्यांदा कापला जातो, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

पैसे लग्नात उडवतील, सावकाराला देतील, ही भीतीही नेहमी बोलून दाखवली जाते. हप्त्याचं तपासणीशी नातं पक्कं असेल तर ती फारशी उरत नाही. गंमत अशी की ठेकेदाराला आगाऊ रक्कम देताना हीच शंका कुणी काढत नाही.

डोंगर सरकतो तेव्हा

भूकंपात माणूस त्याच जागी पुन्हा बांधू शकतो. दरड कोसळते तेव्हा जागाच उरत नाही. महाराष्ट्राला आता जास्त भीती याचीच आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी. तिथं सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं बेपत्ताच राहिली आणि शोध थांबवावा लागला. इथं स्थलांतराला पर्याय नाही, आणि नव्या जागेचं काम गवंड्याच्या आवाक्यातलंही नाही. तळीये म्हाडाकडे आणि इर्शाळवाडी सिडकोकडे गेली ती यामुळेच, आणि त्यात चूक नाही.

पण इथंही कुठलं काम कुणाचं, हे वेगळं काढलं पाहिजे. डोंगराळ भागात सपाट जागा मिळत नाही, ती करावी लागते. उताराचा वरचा भाग कापायचा आणि ती माती खाली भरायची. कापलेला भाग घट्ट असतो, भरलेला भाग पहिल्या काही पावसाळ्यांत बसतो, आणि पाण्याला वाट दिली नसेल तर वाहतो. कोकण-घाटातला पाऊस मराठवाड्याच्या किती तरी पट. माळीणचं नवं गाव आमडे इथं वसलं. तिथल्या अडुसष्ट घरांचं लोकार्पण २ एप्रिल २०१७ ला झालं, आणि त्याच पावसाळ्यात रस्ते खचल्याच्या, तडे गेल्याच्या बातम्या आल्या. अडचण घरांच्या डिझाइनमध्ये शोधण्यापेक्षा घराखालच्या जमिनीत आणि कॅलेंडरमध्ये शोधावी. भरावाची माती थराथरानं दाबून, गटारं आधी काढून, एखादा पाऊस त्यावरून जाऊ देऊन मग घर बांधायचं असतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली असली की हा क्रम उलटतो.

म्हणून जमीन, उतार, निचरा, संरक्षक भिंती, पाणी आणि रस्ता हे अभियंत्याचं आणि ठेकेदाराचं काम. ते त्यांनी सावकाश, नीट करावं, आणि त्यातच सर्वांत जास्त पैसा घालावा. त्यावरचं घर मात्र महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाला ठरवू द्यावं. भाताची कणगी कुठं, चूल कुठं, पावसाळ्यात सरपण कुठं सुकवायचं, पडवी किती खोल ठेवली म्हणजे आडवा पाऊस आत येत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. ते घर गावातल्या माणसांनी प्रशिक्षित हातानं बांधलं, तर पुढच्या वीस वर्षांत त्याच्या मागं निघणाऱ्या खोल्याही जोत्याला धरून निघतील. घर शहरी साच्याचं असलं, तर मागं पुन्हा कारवीच्या आणि पत्र्याच्या खोल्या निघतील, त्याही भरावाच्या कडेवर, जिथं बांधायचंच नव्हतं.

पुढच्या वेळी एखाद्या पुनर्वसित गावाच्या बाजूनं जाणं झालं, तर कमानीपाशी थांबू नका. घरमालकाची परवानगी घेऊन घराच्या मागं जा आणि नंतर काढलेल्या खोलीची भिंत पाहा. कोपऱ्यात पायापासून वर आलेली सळई दिसते का, दारावरचा पट्टा चारी बाजूंनी फिरला आहे का, दगडी असेल तर माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत एक तरी दगड दोन्ही अंगांनी दिसतो का, आणि ती भिंत कुणी बांधली, ते विचारा. गवंड्याचं नाव गावातलंच निघालं आणि त्याला हे कुणी तरी शिकवलं होतं असं कळलं, तर संपादकांना पत्र लिहून कळवा.